‘माहीत नाही’ इंग्रजीत म्हणायला ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश किती पुरतो?

ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची मोफत ऑनलाइन आवृत्ती बहुतेक जण शब्दाचा अर्थ बघण्यापुरतीच उघडतात. तिचं खरं सामर्थ्य पुढे आहे: एखाद्या क्रियापदानंतर वाक्यात काय येऊ शकतं, हे ती सांगते. ‘मला माहीत नाही’ हा आशय इंग्रजीत मांडताना याचा फार उपयोग होतो. एक मोठी उणीवही इथेच दिसते.

हा भर आजचा नाही. या कोशाचे मूळ कर्ते ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. गेटनबी आणि वेकफिल्ड यांच्यासोबत त्यांनी रचलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. क्रियापदांचे साचे, म्हणजे क्रियापदानंतर काय येतं याचे नमुने, त्यात पहिल्यापासून होते. जुन्या आवृत्त्यांमध्ये साच्यांना क्रमांक असत आणि ते उलगडायला पुन्हा तक्ता बघावा लागे. आता साचा सरळ शब्दांत, उदाहरणाच्या आधी ठळक छापलेला असतो. ही सुधारणा मोलाची आहे.

‘नो’ची, म्हणजे ‘माहीत असणं’ या क्रियापदाची, नोंद उघडा. नुसतं कर्म, ‘दॅट’चं पोटवाक्य, ‘व्हेअर, व्हॉट’ वगैरेंनी सुरू होणारं पोटवाक्य आणि ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’ असे साचे दिसतील. कौशल्याचा अर्थ वेगळा काढला आहे आणि तिथे ‘हाउ’चा साचा आहे. ‘आय डोन्ट नो टु स्विम’ लिहिणाऱ्याने तो बघावा. या अर्थाने ‘नो’ला थेट ‘टु’ जोडता येत नाही, मध्ये ‘हाउ’ लागतोच. पोहता येत नाही एवढंच सांगायचं असेल तर ‘आय कान्ट स्विम’ जास्त सहज.

आता उणीव. पोटवाक्य ‘व्हेअर’ने सुरू होतं हे साचा सांगतो, पण त्यातले शब्द कोणत्या क्रमाने ठेवायचे हे सांगत नाही. ते उदाहरणांवरून स्वतःच ओळखावं लागतं आणि मराठी माणूस नेमका तिथे अडखळतो. आपल्याकडे ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘तो कुठे राहतो ते माहीत नाही’ यांत आतला तुकडा जसाच्या तसा राहतो. म्हणून इंग्रजीतही अख्खा प्रश्न उचलला जातो आणि ‘आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह’ असं वाक्य होतं.

दुरुस्ती अशी करावी. प्रश्नातला डू, डझ किंवा डिड काढा. त्याने अंगावर घेतलेला काळ मूळ क्रियापदाला परत द्या. कर्ता क्रियापदाच्या आधी आणा. ‘व्हेअर डझ ही लिव्ह’चं ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज’ होतं. इज, कॅन, विल असतील तर ते काढायचे नाहीत, फक्त कर्त्याच्या नंतर न्यायचे: ‘आय डोन्ट नो व्हॉट द टाइम इज’. असा शेवटी आलेला ‘इज’ आखडून लिहीत नाहीत. प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असेल तर काहीच हलत नाही: ‘आय डोन्ट नो हू टोल्ड हिम’. शेवटी पूर्णविराम येतो. ‘डू यू नो व्हेअर ही लिव्ज’ला प्रश्नचिन्ह असतं, कारण तिथे मुख्य वाक्यच प्रश्न आहे. आतला क्रम तिथेही सरळच.

हो-नाही प्रकारच्या प्रश्नांसाठी ‘इफ’ आणि ‘व्हेदर’ यांची तुलना करणारी टीप कोशात आहे आणि ती जरूर वाचावी. तिला तीन जागा जोडून ठेवा जिथे ‘व्हेदर’च लागतो: ‘टु’ असलेल्या क्रियापदाआधी (‘व्हेदर टु गो’), ‘अबाउट’सारख्या शब्दयोगी अव्ययानंतर, आणि ‘ऑर नॉट’ लगेच पुढे असेल तेव्हा.

‘दॅट’ मात्र जपून. मराठीतला ‘की’ हा ‘दॅट’ आणि ‘व्हेदर’ अशा दोन्ही अर्थी चालतो, म्हणून ‘तो येणार की नाही माहीत नाही’ यासाठी ‘आय डोन्ट नो दॅट ही इज कमिंग’ लिहिलं जातं. इथे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ हवा. ‘आय डिडन्ट नो दॅट ही वॉज कमिंग’ बरोबर आहे, पण त्याचा अर्थ तो येणार होता आणि मला ते ठाऊक नव्हतं. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की आतलंही सहसा मागे सरकतं, तेही या वाक्यात दिसेल.

‘नो’च्या नोंदीतला वाक्प्रचारांचा भाग उत्तम आहे. ‘फॉर ऑल आय नो’ म्हणजे माहीत नाही आणि त्याचं फारसं सोयरसुतकही नाही. असा सूर कोशाने नीट टिपला आहे, सोबत अनौपचारिक असल्याची खूणही दिली आहे. ‘नॉट नो द फर्स्ट थिंग अबाउट’ हाही इथेच सापडेल. ‘हॅव नो आयडिया’ बघायचं असेल तर ‘आयडिया’च्या नोंदीत जावं. त्यानंतर प्रश्नशब्द थेट जोडता येतो, ‘आय हॅव नो आयडिया व्हेअर ही इज’, आणि क्रमाचा नियम तिथेही तोच.