पोट न दाखवता विकलेला बॉल पायथन

विक्रेते बॉल पायथनचे, म्हणजे पाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बिनविषारी आफ्रिकी अजगराचे, जे फोटो पाठवतात, त्यात साप हातावर गुंडाळलेला असतो, पाठीची नक्षी झळकत असते आणि पोट कुठेच दिसत नाही. स्केल रॉट, म्हणजे खवले सडण्याचा आजार, मात्र बहुतेक वेळा पोटाकडूनच सुरू होतो. ओल, विष्ठा आणि हीट मॅटचा (पेटीत ऊब देणाऱ्या विजेच्या चटईचा) चटका या तिन्हींना टेकलेला भाग तोच. ओळखीतल्या एका कुटुंबाच्या गळ्यात असाच साप मारला गेला. त्यांच्या बाबतीत जे घडलं ते या धंद्यात वरचेवर घडतं, म्हणून तपशिलात लिहितो आहोत.

साप घरी आला तेव्हा पोट लालसर होतं. विक्रेत्याला विचारलं, तर उत्तर तयार: "शेडमध्ये आहे दादा, कात टाकली की बघा कसा चकाचक होतो." शेड म्हणजे कात टाकायचा काळ. ही थाप चालते, कारण ती अर्धी खरी आहे. कात टाकायच्या आधी बॉल पायथनचं पोट खरंच गुलाबी होतं. पण तो गुलाबीपणा मानेपासून शेपटीपर्यंत सारखा पसरलेला असतो, त्याला कडा नसते, पाठोपाठ डोळे दुधाळ होतात आणि साधारण एक-दोन आठवड्यांत कात पडते. संसर्गाची लाली ठिपक्या-ठिपक्यांची असते. एक खवला लाल, शेजारचा पांढरा, त्याच्या पुढचा तपकिरी.

कात पडलीही, डागही फिके झाले, आणि घरच्यांनी विक्रेत्याला धन्यवादाचा मेसेज टाकला. खरी मेख इथेच आहे. कातीबरोबर वरचा रंगलेला थर निघून जातो, खालची सड तिथेच राहते आणि काही दिवसांत पुन्हा वर येते. आजारी साप कात पडल्या पडल्या विकायला काढतात ते याचसाठी. त्या दिवसांत कोणताही साप देखणा दिसतो.

जवळून बघायचं तर पोटाच्या आडव्या खवल्याची मागची कड बघा. निरोगी खवल्याची कड अंगाला चिकटून असते. सडलेल्या खवल्याची कड किंचित उचललेली, तांबूस-तपकिरी असते आणि खाली पाण्याचा फुगा किंवा खपली असते. सापाचा पू वाहत नाही, पनीरसारखा घट्ट गोळा होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण "तुमच्याकडेच ओल जास्त झाली" हा विक्रेत्याचा पुढचा डाव असतो. असा घट्ट गोळा एका रात्रीत तयार होत नाही. साप आल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांना तो खपलीखाली सापडला, तर आजार बरोबर आलेला आहे.

जखम कशाने झाली हे तिच्या जागेवरून बरंचसं कळतं. पेटीत अंथरलेल्या ओल्या भुशाची सड पोटभर विखुरलेली असते. थर्मोस्टॅट (तापमान आपोआप आवरणारं उपकरण) नसलेल्या मॅटचा चटका पोटाच्या मधोमध, एका सलग पट्ट्यात दिसतो. भाजल्यावर फोड लगेच येतोच असं नाही, काही दिवस लागतात, म्हणून '२४ तासांची गॅरंटी' विक्रेत्याला परवडते. जिवंत उंदराने घेतलेला चावा पाठीवर असतो, एकटा आणि वेडावाकडा. डोळ्याच्या कडेला, हनुवटीखालच्या खाचेत किंवा पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. ते राहिले तर जखमेचे उपचार वाया जातात.

पहिल्या फसवणुकीनंतर दुसरी आली, औषधाची. विक्रेत्याने 'सापांचं स्पेशल मलम' कुरिअरने पाठवलं, वरचं लेबल खरवडलेलं. अशा डब्यांत बऱ्याचदा माणसांच्या गजकर्णावरचं तिहेरी मलम असतं: स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, 'बरा झाला' असा व्हिडिओही करता येतो, पण जखम भरणं मंदावतं आणि संसर्ग आत सरकतो. कोंबड्यांना पाण्यातून देतात ते एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापाच्या भांड्यात टाकायचा सल्लाही सर्रास मिळतो. साप किती पाणी पितो याचा नेम नाही, तर डोस कसला मोजणार? आणि हेच औषध इंजेक्शनने दिलं तर टोचलेल्या जागेचं मांस मरू शकतं. मग त्या नव्या जखमेला 'आजार पसरला' म्हणत पुढचं बिल.

'रोज एक इंजेक्शन' असं पॅकेज कोणी सांगितलं तर औषधाचं नाव विचारा. सापांच्या अशा संसर्गावर बऱ्याचदा वापरतात ते सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक शरीरात दीर्घकाळ टिकतं. त्याचा रूढ डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, दर ७२ तासांनी, शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात. म्हणजे १२०० ग्रॅमच्या सापाला एका वेळी २४ मिलिग्रॅम. हे घरी टोचायला सांगत नाही आहोत, हिशेब तपासता यावा म्हणून आकडे दिले. चांगला डॉक्टर आधी वजन करतो, खपलीच्या खालून नमुना घेऊन कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवतो, आणि बुरशीची शंका असेल तर कातडीचा तुकडा काढतो. बुरशीला अँटिबायोटिक लागू पडत नाही. नुसत्या फोटोवरून औषध लिहिणाऱ्याला पैसे देऊ नका.

घरी करायचं काम स्वस्त आणि कंटाळवाणं आहे. नारळाचा भुसा, लाकडाचे तुकडे सगळं काढून साधं वर्तमानपत्र किंवा किचन टिश्यू अंथरा, ओला झाला की त्याच वेळी बदला. पाण्याचं भांडं असं लहान ठेवा की साप त्यात बसू शकणार नाही. उबेची बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २६. तापमान कमी पडलं तर सापाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि महागडं औषधही काम करत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅटला चिकटवून ठेवा, हवेत लोंबकळता नको. आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास असू द्या. त्याहून फार खाली नेली तर कात अडकते आणि नवं दुखणं सुरू होतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे हा आकडा गाठणं अवघड जातं, तिथे जाळीचं झाकण आणि खोलीत फिरती हवा एवढं तरी करा.

पोव्हिडोन आयोडीनची बाटली ५ टक्क्यांची असेल तर १ भाग औषधाला ९ भाग पाणी, १० टक्क्यांची असेल तर १९ भाग. रंग फिक्या कोऱ्या चहाचा यायला हवा. गॉज त्यात भिजवून पाच मिनिटं जखमेवर ठेवा, सलाइनने पुसा, कोरडं करा, मग १ टक्क्याच्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा पातळ थर लावा. दिवसातून दोनदा. सापाला या पाण्यात बुडवून ठेवू नका, तो ते पितो. खपली ओढून काढायची नाही. या काळात मेलेला, नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या आणि दर आठवड्याला वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा. बरं होताना कात लवकर लवकर पडते, ते चांगलं लक्षण. वाकडे खवले सरळ व्हायला मात्र बऱ्याच काती जातात, काही कायमचे तसेच राहतात. भूक गेली, अंग सैल पडलं किंवा लाली पोटभर पसरली तर संसर्ग रक्तात गेला असू शकतो. मग मलमावर दिवस घालवू नका.

घ्यायच्या आधी विक्रेत्याकडून एकच सलग व्हिडिओ मागा: दिवसाच्या उजेडात, आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून, हनुवटीपासून गुदद्वारापर्यंत पूर्ण पोट, मग पाण्याचं भांडं, मग थर्मोस्टॅटचा आकडा. शेवटची कात अख्खी मागा. पोटाच्या बाजूला भोकं किंवा चिकटलेली तपकिरी खपली असेल तर नाद सोडा. उंदीर गिळतानाचा व्हिडिओ त्वचेबद्दल काहीच सांगत नाही, तो हमखास न मागता येतो. पार्सल उघडताना तुमच्याही बाजूने सलग चित्रण करा आणि आल्यावर ९० दिवस घरातल्या इतर सापांपासून वेगळा ठेवा, हाताळणीचं सामानही वेगळं.

या कुटुंबाने तक्रार करू म्हटल्यावर विक्रेता हसला: "कागद कुठे आहेत तुमच्याकडे?" बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये येतो आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. साप ताब्यात आल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. कागदांशिवाय स्वस्तात देणारा माणूस तुमचं तोंड बंद करून ठेवत असतो. नाग, धामण, अजगर, मांडूळ हे देशी साप तर कोणी 'पाळायला' दिले तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे. जखमी देशी साप दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कायदेशीर व्यवहारात आजारी साप आला असेल तर बिल, पार्सल उघडतानाचं चित्रण आणि डॉक्टरांची पहिल्या दोन दिवसांतली चिठ्ठी जोडून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. आगाऊ पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला असेल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, आणि तोही त्याच दिवशी, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत.