जानेवारीत बंद असलेल्या खिंडीची सहल आम्हाला कशी विकली गेली

मुलुंडला राहणाऱ्या आमच्या कुटुंबातील पाच जणांची गेल्या हिवाळ्यात हिमाचल प्रदेशाच्या सहलीत फसवणूक झाली. पैसे गेले याचे दुःख आहेच, परंतु ज्या गाडीत बसवून आम्हाला बर्फावर पाठवण्यात आले, त्या गाडीत माझा नऊ वर्षांचा पुतण्याही होता, हे आठवले की आजही जीव थरकापतो. यंदाच्या हिवाळ्याची आरक्षणे सुरू होण्यापूर्वी हा अनुभव इतरांपर्यंत पोहोचावा, म्हणून तो तपशीलवार लिहीत आहे.

दादरला भरलेल्या एका पर्यटन प्रदर्शनात सहली विकणाऱ्या एका व्यावसायिकाची आणि आमची भेट झाली. चंदीगड, मनाली, रोहतांग आणि कुंझुम या खिंडी, स्पिती खोऱ्यातले काझा आणि परतताना किन्नौरमार्गे शिमला, अशी नऊ दिवसांची सहल त्याने नकाशावर बोट फिरवून समजावली. फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणारी) गाडी, बर्फावर पकड मिळावी म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या, बर्फात गाडी चालवणारा स्थानिक चालक आणि सर्व परवाने, हे सारे २ लाख १५ हजार रुपयांत मिळणार होते. त्यांपैकी दीड लाख रुपये आम्ही आगाऊ भरले, आणि तेही यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात. पावतीवर मात्र प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नाव होते. ही विसंगती त्याच वेळी माझ्या जाऊबाईंच्या लक्षात आली होती, परंतु ‘कंपनीच्या खात्याचे काम चालू आहे’ या उत्तरावर आम्ही समाधान मानले.

आम्ही फसलो त्याचे एक कारण आमच्या सवयीत आहे, असे मला आता वाटते. आपल्याला घाट ठाऊक असतो तो कसाऱ्याचा किंवा माळशेजचा. तेथे पावसाळ्यात दरड कोसळते, काही तास वाहतूक थांबते, यंत्रे येऊन माती बाजूला करतात आणि रस्ता पुन्हा सुरू होतो. एखादा रस्ता दरवर्षी ठरल्याप्रमाणे पाच-सहा महिने बर्फाखाली जातो, ही गोष्ट आपल्या अनुभवात नसते. रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे आणि लाहौलहून स्पितीत उतरण्यासाठी ओलांडावी लागणारी कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्याही वर आहे. कुंझुम साधारणपणे ऑक्टोबरच्या अखेरीपासून वा नोव्हेंबरपासून बंद होते, ती मे-जूनपर्यंत उघडत नाही. ‘आता अटल बोगदा झाला आहे, त्यामुळे बारा महिने रस्ता चालू असतो,’ असे आम्हाला सांगण्यात आले. या विधानातला बोगदा खरा आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला तो ९.०२ किलोमीटरचा बोगदा रोहतांगच्या खालून लाहौलमध्ये जातो. मात्र त्याच्या पलीकडे कुंझुम जशीच्या तशी उभी आहे आणि तिच्याखालून कोणताही बोगदा नाही. म्हणजे जानेवारीत मनालीहून काझाला गाडीने जाण्याचा रस्ताच नसतो, आणि आम्हाला नेमका तोच विकण्यात आला होता.

चंदीगडला जी गाडी समोर आली, तिची पाटी पांढरी होती. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खाजगी वापराची असते. प्रवासी टॅक्सीची पाटी पिवळी असते. खाजगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. गाडी फोर बाय फोर नव्हती, टायरांच्या खाचा झिजलेल्या होत्या आणि डिकीत साखळ्या नव्हत्या. चालक सज्जन होता, परंतु मैदानी भागातला होता, आणि बर्फावर आपण कधी गाडी चालवलेली नाही हे त्याने बिलासपूरच्या पुढे गेल्यावर स्वतःच सांगितले. व्यावसायिकाला फोन केल्यावर ‘मनालीला गाडी बदलून मिळेल’ असे उत्तर आले.

गाडी बदलून मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मनालीजवळच्या सोलंगच्या बाजूला जाताना एका सावलीतल्या वळणावर चालकाने ब्रेक दाबला आणि गाडी वळण्याऐवजी सरळ दरीच्या कडेकडे घसरत गेली. रस्ता नुसता ओला दिसत होता. प्रत्यक्षात वितळलेल्या बर्फाचे पाणी रात्री गोठून त्यावर काचेसारखा पारदर्शक थर झाला होता. कडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगात चाक रुतले, म्हणून आम्ही वाचलो. थोडे पुढे पोलिसांनी अडवले आणि साखळ्या लावलेल्या फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडत असल्याचे सांगून आम्हाला माघारी पाठवले. त्या पोलिसांचे मी मनापासून आभार मानते.

त्याच संध्याकाळी व्यावसायिकाचा फोन आला. अचानक झालेल्या बर्फवृष्टीमुळे रोहतांग आणि कुंझुम बंद झाल्या आहेत, काझाला किन्नौरमार्गे जावे लागेल आणि त्यासाठी माणशी वेगळे, एकूण ६४ हजार रुपये भरावे लागतील, असे त्याचे म्हणणे होते. करारात बारीक अक्षरांत एक अट होती: नैसर्गिक आपत्तीमुळे मार्ग बदलल्यास परतावा नाही आणि वाढीव खर्च प्रवाशांचा. हॉटेलच्या वयस्कर मालकांनी मात्र आम्हाला शांतपणे सांगितले की कुंझुम नोव्हेंबरातच बंद झाली होती. फसवणुकीचा गाभा येथे आहे. दरवर्षी ठरलेल्या हंगामात बंद होणारा रस्ता ही आपत्ती नव्हे. आरक्षणाच्या दिवशीच जे अशक्य होते ते विकायचे, प्रवासी परमुलखात अडकले की बर्फाकडे बोट दाखवायचे आणि त्याच बर्फाच्या नावावर दुसऱ्यांदा पैसे मागायचे, अशी ही रीत होती. त्याने पाठवलेला रोहतांगचा परवाना नीट पाहिला, तेव्हा त्यावर दुसऱ्याच गाडीचा क्रमांक आणि जून महिन्यातली तारीख निघाली. हा परवाना ठरावीक गाडीला ठरावीक दिवसासाठी मिळतो, त्यामुळे त्या कागदाला आमच्या दृष्टीने काहीच किंमत नव्हती.

आम्ही जास्तीचे पैसे दिले नाहीत. दोन दिवसांनी आकाश निवळल्यावर स्थानिक टॅक्सीने बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जाऊन आलो आणि बसने परतलो.

मुंबईत आल्यावर जी तपासणी केली, ती आधी करायला हवी होती. तिला अर्धा तासही लागला नाही. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्राचे २७), आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरे म्हणजे पॅन असतो. कंपनीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर ‘सी’ असते, व्यक्तीच्या पॅनमध्ये ‘पी’. आमच्या पावतीवरच्या क्रमांकात त्या जागी ‘पी’ होते, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड हे नावच खोटे होते. गाडीचा क्रमांक आधी मागून घेतला असता, तर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर तिचा वर्ग (खाजगी की टॅक्सी) आणि विमाही दिसला असता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर आणि वकिलामार्फत नोटीस गेल्यावर ४५ हजार रुपये परत आले. उरलेल्या रकमेसाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावत्या, व्हॉट्सॲपवरचे संदेश, गाडीच्या पाटीचे आणि टायरांचे फोटो आम्ही जपून ठेवले होते, त्यांचाच आता आधार आहे.

स्पितीला हिवाळ्यात जाता येते, हेही सांगायला हवे. मार्ग शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो असा सतलज आणि स्पिती नद्यांच्या काठाने जातो, आणि उंची हळूहळू वाढत असल्यामुळे शरीरालाही सवय होते. तोही बर्फ पडला की बंद होतो, म्हणून किमान दोन दिवस हाताशी मोकळे ठेवावेत आणि परतीचे विमान काझाहून निघण्याच्या दिवसाला बांधून घेऊ नये. गाडी ऊन आल्यानंतर काढावी आणि अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचावी. मैदानातून भरून आणलेले साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होते, म्हणून वाटेतल्या डोंगरी पंपावर इंधन भरावे. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा. आरक्षण करताना खिंडींची नावे, गाडीचा क्रमांक आणि रस्ता बंद असल्यास परताव्याची रक्कम, या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. ज्याला त्या देता येत नाहीत, त्याला पैसे देऊ नयेत.

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला एक माहितीपत्रक पाठवले. नाव निराळे होते, परंतु खालचा फोन नंबर तोच होता आणि नकाशाही तोच. रोहतांग, कुंझुम, काझा. प्रस्थान १२ जानेवारी.