घाटातला फटाका आणि चाळीस रुपयांची नळी : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी १०० सीसीची, कार्बोरेटरची (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची) मोटारसायकल २००८ सालची आहे आणि ती आजही रोज धावते. सकाळी पुण्यातल्या कात्रजहून जुना घाट चढून खेड शिवापूरजवळच्या कारखान्यात आणि संध्याकाळी त्याच वाटेने घरी, असा तिचा नेम आहे. मार्चमध्ये एका संध्याकाळी कात्रजच्या बाजूला घाट उतरताना सायलेन्सरमधून सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि कडेने चालणाऱ्या एका आजोबांच्या हातातली पिशवी खाली पडली. मी थांबून त्यांची माफी मागितली. गाडी मात्र काहीच झाले नसल्यासारखी पुढे चालली, आणि खरा त्रास तोच होता, कारण जो बिघाड मेकॅनिकसमोर दिसत नाही तो शोधणे फार कठीण असते.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दोन दिवस ठेवली, पण तिथे आवाज एकदाही झाला नाही. तरीही प्लग आणि एअर फिल्टर बदलले गेले, कार्बोरेटर साफ झाला, टॅपेटची (इंजिनच्या व्हॉल्व्हच्या फटीची) जुळवणी झाली आणि १,८५० रुपयांचे बिल हातात आले. चौथ्या दिवशी घाटात पुन्हा फटाका फुटला. दुसऱ्या खेपेस त्यांनी पूर्ण कार्बोरेटरच बदलायला सांगितला. जो आवाज तुम्ही ऐकलाच नाही त्याचे कारण कार्बोरेटर आहे हे कशावरून ठरवले, असे मी विचारले तेव्हा ‘जुन्या गाडीला असे होतेच’ एवढेच उत्तर मिळाले. या उत्तराचा मला आजही राग आहे. सतरा वर्षांची गाडी नीट राखणाऱ्या माणसाला कारण समजून घेण्याचा हक्क आहे.

त्यानंतर मी डिकीत एक छोटी वही ठेवली आणि प्रत्येक आवाजाची नोंद केली. तीन आठवड्यांत चौदा आवाज झाले. चौदाही वेळा इंजिन तापलेले होते, गाडी गिअरमध्ये होती आणि थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, पूर्ण बंद होता. ॲक्सिलरेटर दिलेला असताना किंवा चढावर एकदाही आवाज झाला नाही. स्वारगेटच्या गर्दीतही नाही. कार्बोरेटरच्या बाजूने फट् असा आवाज आला असता तर ठिणगीचे टायमिंग किंवा इंजिनच्या व्हॉल्व्हकडे पाहावे लागले असते. इथे आवाज मागून, सायलेन्सरमधून येत होता.

यामागचे कारण असे. उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली की काही वेळा सिलिंडरमधले मिश्रण पेटत नाही आणि ते तसेच सायलेन्सरकडे जाते. धुरातले न जळलेले पेट्रोल जळून जावे म्हणून अशा गाड्यांत एक एअर व्हॉल्व्ह असतो आणि तो बाहेरची हवा एक्झॉस्टमध्ये सोडतो. थ्रॉटल बंद झाला की इनटेकमध्ये (इंजिनात मिश्रण जाते त्या वाटेत) व्हॅक्यूम वाढतो, तो एका बारीक रबरी नळीतून व्हॉल्व्हच्या पडद्यापर्यंत पोहोचतो आणि हवा तेवढ्यापुरती थांबते. ती थांबली नाही, तर ताजी हवा आणि न जळलेले पेट्रोल तापलेल्या पाइपमध्ये एकत्र येऊन भडका उडतो.

खात्री करण्यासाठी मी त्या व्हॉल्व्हची एक्झॉस्टकडे जाणारी हवेची वाट चार दिवस बंद ठेवली. चारही दिवस घाट शांतपणे उतरता आला. वाट पुन्हा उघडली आणि त्याच संध्याकाळी आवाज परत आला. मग टाकी उतरवली, टॉर्च धरली आणि बारीक नळी बोटांनी हळूहळू वाकवत गेलो. सरळ असताना ती धडधाकट दिसत होती. इनटेकच्या तोंडाशी, क्लिपच्या अगदी खाली वाकवल्यावर मात्र तांदळाच्या दाण्याएवढी चीर उघडली आणि बोट काढताच मिटली. इंजिन तापून रबर सैल पडले की हीच चीर उघडत असणार आणि व्हॅक्यूम व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नसणार. नाना पेठेतून नवी नळी चाळीस रुपयांना आणली.

तोपर्यंत मी सारा दोष २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला देत होतो. आता ते मत बदलले आहे, पण पूर्ण नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण थोडे विरळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतेच आणि प्लगचा रंगही पूर्वीपेक्षा फिका दिसतो. म्हणून कार्बोरेटरवरच्या, मिश्रणाचे प्रमाण ठरवणाऱ्या एअर स्क्रूची थोडी जुळवणी करून घेतली.

ऑगस्टमध्ये पुन्हा दोन आवाज झाले आणि नळी पुरेशी नव्हती की काय, अशी शंका आली. या वेळी सायलेन्सर जिथे इंजिनला बसतो तिथे काजळीची एक रेघ दिसली. त्या जोडातले गॅस्केट (फट बंद करणारी चकती) दबून गेले होते आणि तिथूनही हवा आत खेचली जात होती. गॅस्केट बदलून दोन्ही नट समान आवळले. त्यानंतर आजपर्यंत घाटात एकही आवाज झालेला नाही.

नळी घेताना व्हॅक्यूमसाठीची, जाड भिंतीची मागावी. पेट्रोलची पातळ नळी तापल्यावर आत ओढली जाऊन चिकटते. हवेची वाट कायमची बंद करण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता, पण तो मी मानला नाही, कारण तो व्हॉल्व्ह धूर कमी करण्यासाठीच बसवलेला आहे. माझी गाडी त्याच्यासह शांत चालते आणि मागच्या महिन्यात पीयूसीही पहिल्याच तपासणीत मिळाले.