पोरांना प्राणी दाखवायचेत : जवळचं खासगी झू, दाजीपूर की कात्रज?

सुट्टी लागली की पोरं मागं लागतात, प्राणी बघायला चला. कोल्हापूरकरापुढं पर्याय तीन : शहराबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टला जोडलेलं छोटं खासगी झू, राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य, नाहीतर पुण्याचं कात्रज प्राणिसंग्रहालय.

खासगी झू सोयीचं, यात वाद नाही. तासाभरात पोचता, प्राणी हमखास दिसतो, मकाव पोपट हातावर घेऊन फोटो निघतो. पण तिकिटाआधी विचारा, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आहे का? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याशिवाय प्राणिसंग्रहालय चालवताच येत नाही. "आमचे सगळे फॉरेनचे" हे उत्तरही पुरेसं नाही. मकाव, इग्वाना सरडा यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. आणि मान्यता नसताना पिंजऱ्यात आपला साधा पोपट किंवा स्टार कासव (दोन्ही कायद्यानं संरक्षित) दिसलं, तर थेट वनविभागाला फोन. नांदणीच्या मठातून गुजरातला नेलेल्या महादेवी हत्तिणीसाठी २०२५ मध्ये जिल्हा रस्त्यावर उतरला होता. तिकीट खिडकीवर दोन प्रश्न विचारायला मग लाजायचं कशाला!

कागद नीट असले तरी आत नजर फिरवा. एकाच रेषेवर पुढं-मागं फेऱ्या मारणारा प्राणी, छातीवरची पिसं स्वतःच उपटलेला पक्षी ही बहुतेकदा कोंडीची लक्षणं. गाईड म्हणेल, "खेळतोय." शेवाळलेलं पाणी, बोडकं सिमेंट, मे महिन्यात डोक्यावर नुसता पत्रा. मला सगळ्यात खटकतं ते लपायला आडोसा नसणं. बुजऱ्या हरणाला दिवसभर माणसांच्या नजरेत उभं करणं हा छळच. 'सातही दिवस चालू' अशी पाटी असेल तर तीही वाईट खूण, कारण नियमानं आठवड्यात एक सुट्टी हवी.

कात्रज लांब, सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात, पण पुण्यात शिरण्याआधीच लागतं. १३० एकरांचा परिसर, वाघ, सर्पोद्यान, बुधवारी बंद. मान्यता आहे म्हणून सगळं आलबेल असतं असंही नाही. जुलै २०२५ मध्ये तिथं लाळ्या-खुरकुतानं १६ चितळं दगावली. पण शवविच्छेदन झालं, नमुने प्रयोगशाळेत गेले, पेपरात आलं. रिसॉर्टच्या पिंजऱ्यात मेलेलं हरीण कुणाला कळतं?

दाजीपूर म्हणजे नशिबाचा खेळ. १९५८ पासूनचं अभयारण्य, आता ३५१ चौरस किलोमीटर. गवा दिसेल, शेकरू दिसेल, नाहीतर नुसतं शेण आणि खुरांचे ठसे. दुपारी बाराला पोचून "काहीच नाही इथं" म्हणत परतणारे पुष्कळ. पावसाळ्यात प्रवेश बंद.

माझं मत विचाराल तर आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या पोरांना दाजीपूर. त्याहून लहान पोर वाघासाठीच अडून बसलं असेल, तर कात्रज. खासगी झू मान्यतेचा कागद दाखवल्यावरच. दाजीपूर ठरलं तर मुक्काम राधानगरीत करा आणि पहाटेची जीप आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.