कुत्र्याची खाज: रक्ततपासणी की पथ्य?

आधी पिसवा बघा. मुंबईच्या दमट हवेत त्या बारमाही. शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवा. निघालेले काळे कण ओल्या टिश्यूवर तांबूस पसरले, तर ती पिसवांची विष्ठा.

पिसवा, खरूज, बुरशी काहीच नाही आणि संशय अन्नावर? रक्ततपासणी सोपी, सुई टोचली की झालं. पण अन्नाच्या ॲलर्जीत तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मी पथ्यच सुचवेन: साधारण आठ आठवडे, पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन. फरक पडला की जुनं अन्न परत द्यायचं आणि खाज उलटते का पाहायचं. कटकटीचं काम आहे. शेजारच्या काकूंनी लाडाने भरवलेलं एक ग्लुकोज बिस्किट सगळं मुसळ केरात घालतं.

धूळ-परागकणांच्या ॲलर्जीत मात्र रक्ततपासणी उपयोगी: निदानाला नव्हे, ॲलर्जीची सवय लावून ती कमी करणाऱ्या इंजेक्शनात काय घालायचं ते ठरवायला.