बोल्ट-ॲक्शन रायफलची घड्याळावरची परीक्षा
वाळूच्या पिशव्यांवर टेकवून मारलेल्या गोळ्यांचा गट रायफलची अचूकता सांगतो, नेमबाजाची नव्हे. म्हणूनच मी दिलेल्या या बोल्ट-ॲक्शन रायफलच्या (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट, म्हणजे खटका, मागे-पुढे करावा लागणाऱ्या रायफलच्या) एकदिवसीय कौशल्यचाचणीत उभ्याने, बसून आणि पालथे पडून झाडलेली प्रत्येक गोळीची वेळ शॉट टायमरवर (गोळीच्या आवाजावरून वेळ नोंदणाऱ्या घड्याळावर) मोजली जाते, हे मला पटले. अमेरिकन नेमबाजी-प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या स्काउट रायफलच्या, म्हणजे हलक्या व आटोपशीर रायफलच्या, कल्पनेप्रमाणे साधारण ३ किलोची, १ मीटरच्या आतली रायफल येथे सर्वांत सोयीची ठरते. खरा कस दुसऱ्या गोळीला लागतो: बोल्ट ओढताना माझा गाल दस्त्यावरून उचलला गेला आणि लक्ष्य दुर्बिणीतून निसटले. गुणांना वेळेने भागण्याची पद्धत मात्र मला खटकली, कारण तीत घाईने मारलेला काठावरचा नेमही मधल्या नेमावर मात करू शकतो.