ऑटोडेस्कचं विद्यार्थी लायसन्स, वर्षभराच्या वापरानंतर: सॉफ्टवेअर उत्तम, नावाची जुळवाजुळव त्रासाची

ऑटोडेस्क कंपनीची ऑटोकॅड, इन्व्हेंटर आणि फ्यूजन ही ड्रॉइंग आणि थ्री-डी डिझाइनची सॉफ्टवेअर काय करतात हे मेकॅनिकल-सिव्हिलच्या मुलांना सांगायला नको. विद्यार्थ्याला हे सगळं एक वर्षासाठी फुकट मिळतं, शिक्षण चालू असेपर्यंत दरवर्षी वाढवून घेता येतं, फक्त त्यावर पैसे घेऊन काम करायचं नाही. सॉफ्टवेअर म्हणून पाचपैकी पाच. एक गुण कापतोय तो सॉफ्टवेअर उघडण्याआधीच्या पडताळणीसाठी, आणि या लेखातला मोठा भाग त्यावरच आहे, कारण मुलं अडकतात ती तिथेच.

तुम्ही खरंच विद्यार्थी आहात का, ही पडताळणी शीअरआयडी नावाची वेगळी कंपनी करते. कागद मागितला, तर त्यावर तीन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात: तुमचं पूर्ण नाव, संस्थेचं नाव आणि चालू शैक्षणिक वर्षातली तारीख. ऐकायला सोपं आहे. आता आपल्याकडचे कागद बघा. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. फॉर्मला हवं स्वतःचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात. मार्कशीटवरच्या क्रमाने भरलं की आडनाव पहिल्या रकान्यात आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं. आधारवर स्पेलिंगमध्ये एक ‘आय’ आणि कॉलेजच्या नोंदीत ‘डबल ई’, असंही असतं. शिवाय मार्कशीटच्या डोक्यावर विद्यापीठाचं नाव असतं आणि फॉर्ममध्ये तुम्ही निवडलेलं असतं कॉलेज. विद्यार्थी खरा, कागदही खरा, तरी जुळणी होत नाही.

ओळखपत्रावर फार भरवसा ठेवू नका. बऱ्याच ओळखपत्रांवर फक्त प्रवेशाचं वर्ष असतं किंवा वैधता मागच्या बाजूला. सगळ्यात चांगला कागद म्हणजे चालू वर्षाची फी पावती: नाव, कॉलेज, तारीख आणि ‘२०२५-२६’ असं वर्ष, सगळं एकाच पानावर. पावतीवर नावाचा घोळ असेल तर बोनाफाईड घ्या, पण ऑफिसला नीट सांगून: इंग्रजीत, लेटरहेडवर, स्वतःचं नाव–वडिलांचं नाव–आडनाव या क्रमाने, तारीख छापलेली, आणि शिक्का तारखेवर न मारता बाजूला. शिक्क्याखाली तारीख पुसट झाली की चांगला कागद वाया जातो. मोबाइलने फोटो काढलात तर कागदाचे चारही कोपरे दिसू द्या. स्कॅन केलेली पीडीएफ त्याहून बरी.

ऑटोडेस्कचं खातं उघडतानाच नाव कागदाप्रमाणे टाका. टोपणनाव किंवा आद्याक्षरं नकोत. आधीच चुकीचं टाकलं असेल तर प्रोफाइलमध्ये दुरुस्त करून मग अर्ज करा. संस्थेच्या यादीत एकच कॉलेज दोन-तीन प्रकारे दिसलं, तर कागदावर जसं छापलंय तसंच निवडा.

वेळेचंही गणित आहे. लायसन्स जुलैत घेतलं तर नूतनीकरणही पुढच्या जुलैत येतं. तेव्हा जुनी पावती मागच्या वर्षाची झालेली असते आणि नवीन हातात आलेली नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेतलं तर दरवर्षी कागद तयार असतो.

आता इन्स्टॉलेशन. होस्टेलच्या वायफायवर छोटा वेब इन्स्टॉलर वापरू नका. तो चालू असतानाच काही जीबी खेचतो आणि नेट तुटलं की मध्येच थांबतो. पूर्ण डाउनलोडचा पर्याय निवडा. फाइल सी ड्राइव्हवर ‘ऑटोडेस्क’ नावाच्या फोल्डरमध्ये सुटी होते आणि काम झाल्यावर ते फोल्डर तिथेच राहतं. सॉफ्टवेअर नीट सुरू झालं की ते उडवा. २५६ जीबीच्या एसएसडीवर तेवढी जागाही महत्त्वाची आहे. इन्व्हेंटर एकटाच ४० जीबी मोकळी जागा मागतो आणि तो फक्त विंडोजवर चालतो. फ्यूजन मॅकवरही चालतो, पण विंडोजवर तो सी ड्राइव्ह सोडून दुसरीकडे टाकता येत नाही.

काही महिन्यांनी येणारी खरी अडचण म्हणजे ऑटोकॅड उघडून लगेच बंद होणं किंवा लायसन्स मॅनेजर चालत नसल्याचा संदेश. पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जा, ‘ऑटोडेस्क डेस्कटॉप लायसन्सिंग सर्व्हिस’ शोधा आणि थांबली असेल तर सुरू करा. लॉगिन अडकलं असेल तर युजरच्या लोकल ॲपडेटा फोल्डरमध्ये ऑटोडेस्क, त्यात ‘वेब सर्व्हिसेस’, त्यातली ‘लॉगिनस्टेट’ फाइल काढून पुन्हा साइन इन करा. लॅपटॉपचं घड्याळ बरोबर आहे ना, हेही बघा. ऑटोकॅड-इन्व्हेंटरला ३० दिवसांत एकदा तरी नेट लागतं, फ्यूजन ऑफलाइन दोन आठवडे चालतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाण्याआधी एकदा साइन इन करून निघा.

ग्राफिक कार्ड असूनही ऑटोकॅड अडखळत असेल तर तो बहुधा इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर चालतोय. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स विभागात ऑटोकॅडची मुख्य फाइल जोडून ‘हाय परफॉर्मन्स’ करा आणि ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ कमांडने खात्री करा.

आवृत्तीबद्दल: सगळ्यात नवीन घ्यायचा मोह टाळा. ऑटोकॅडचं एक वेळ ठीक आहे. लॅबमध्ये २०१४ची आवृत्ती असेल तर तुमच्या ऑटोकॅडच्या ‘ऑप्शन्स’मधल्या ‘ओपन अँड सेव्ह’मध्ये जाऊन कायमचं २०१३ फॉरमॅट ठरवून टाका, फाइल उघडेल. इन्व्हेंटरला ही सोय नाही. नवीन आवृत्तीत जतन केलेला पार्ट (एका सुट्या भागाचं मॉडेल) जुन्यात संपादनासाठी उघडत नाही. बाहा किंवा सुप्रा या विद्यार्थ्यांच्या गाडी बनवण्याच्या स्पर्धांच्या टीमने सुरुवातीलाच सगळ्यांसाठी एकाच वर्षाची आवृत्ती पक्की करावी. डाउनलोड पानावर आधीच्या काही आवृत्त्याही निवडता येतात.

सुरुवातीला माझं मत इन्व्हेंटरच्या बाजूने होतं. आता ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपसाठी तो सुचवणार नाही. कंपनी स्वतःच किमान १६ मागते, आणि गिअरबॉक्सची पूर्ण असेंब्ली (सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल) उघडली की ते का ते कळतं. तेवढ्या यंत्रावर पार्ट आणि लहान असेंब्लीसाठी फ्यूजन पुरतो. नेट चांगलं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा ऑनशेपही शिक्षणासाठी फुकट आहे, तिथे इन्स्टॉल करायचं काहीच नाही. रॅमसाठी लगेच पैसे घालण्याआधी हे दोन्ही वापरून बघा. टू-डी शीट आणि सबमिशनसाठी मात्र ऑटोकॅडच.

सिनिअरच्या पेनड्राइव्हमधला क्रॅक घेऊ नका. तो टाकायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि खरं लायसन्स फुकट मिळत असताना त्या धोक्याला काहीच अर्थ नाही. सिनिअरच्या डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइलींतही एक गोष्ट तपासा. जुन्या शैक्षणिक आवृत्त्या प्रिंटच्या कडांवर शैक्षणिक वापराचा ठसा उमटवत. तसल्या फाइलमधला ब्लॉक (पुन्हा वापरायचा तयार भाग) घेतला की तो ठसा दुसऱ्या शीटवरही येत असे. नोकरीच्या मुलाखतीला न्यायच्या शीटवर तो नको.

शेवटच्या वर्षाला असाल तर मुदत संपण्याआधी फाइली बाहेर काढून ठेवा. ऑटोकॅडमध्ये ‘ईट्रान्समिट’ वापरा, म्हणजे एक्सरेफ (ड्रॉइंगला जोडलेल्या बाहेरच्या फाइली), फॉन्ट आणि प्लॉट स्टाइल (प्रिंटमधल्या रेषांची सेटिंग) सोबत घेता येतात. इन्व्हेंटरमध्ये ‘पॅक अँड गो’. प्रत्येक असेंब्लीची स्टेप फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी) आणि प्रत्येक शीटची पीडीएफ काढा. स्टेपमध्ये आकार येतो, स्केच आणि फीचरचा इतिहास येत नाही, म्हणून मूळ फाइलीही जपा. फ्यूजनचे प्रोजेक्ट क्लाउडवर असतात. ते एकेक करून उतरवावे लागतात, त्यामुळे हे काम परीक्षेच्या आठवड्यावर ढकलू नका.